मधला तास

तेल्हाऱ्याच्या शिवारात नत्थुजी आणि वामनराव या दोन भावांची वावरं एका नाल्याच्या दोन काठांवर होती. वाटणी झाली तेव्हा त्यांनी बैल वाटले, विहिरीचं पाणी वाटलं, धुऱ्याच्या बांधावरचा आंबा फांदीफांदीने वाटला. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार मात्र एकच होता, मोतीराम. मग त्यालाही वाटून घेतला. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो थोरल्याचा, ऊन कललं की धाकट्याचा. सालाची ज्वारी दोघांनी निम्मी निम्मी मापायची. दुपारची भाकर कोणी द्यायची, एवढंच ठरवायचं राहून गेलं. थोरल्याच्या घरी वाटे, आता हा नाल्यापलीकडे चालला, तिकडे खाईल. धाकट्याच्या घरी वाटे, अलीकडून जेवूनच आला असेल. दोन्ही घरची माणसं वाईट नव्हती. दोन्ही घरच्या चुली दुपारी तापलेल्या असत.

मोतीरामची बायको केशरबाई पहाटे जावेला घेऊन जात्यावर बसली की गायची:

जातं ओढू दोघीजणी, पीठ पडे एका ठायी
दोन धन्यांचा माझा धनी, त्याची भाकर कोठं नाई

मोतीरामने ती ओवी कधी ऐकली असेल तर तसं दाखवलं नाही. थोरल्या पोराला, देवमनला, औत धरायला शिकवायच्या आधी त्याने दोन गोष्टी शिकवल्या. "धनी इचारते, माझं काम आधी का त्याचं. तं म्हणायचं, तुमचंच आधी. दोघायलेही हेच म्हणायचं. अन् एका धुऱ्यावरची गोष्ट दुसऱ्या धुऱ्यावर न्यायची नाही. थोरल्यानं मारलं तं धाकट्याले वळ दिसू द्यायचा नाही. दोघं भाऊ हायेत ते. आज भांडतीन, उद्या एका ताटात जेवतीन. मधात आपण बोललो, तं आपणच राहू बाहेर."

छप्पन साली वस्ती नागपूरला जाऊन बुद्धाला शरण गेली. मोतीरामने घरातले देव नाल्यात सोडले, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, पाटलाच्या दारचं शिळं मागायचं सोडलं. साल तेवढं सुटलं नाही. पुढे एका फाल्गुनात तो तापाने गेला. नवं साल ठरवायचा पाडवा तोंडावर आलाच होता, म्हणून देवमन त्याच्या जागी उभा राहिला. दोन्ही काठांवर.

देवमनला पळणं आलं ते तिथेच. या काठावर वखर उभा असताना त्या काठावरून हाक यायची, आणि इकडे कळायच्या आत तिकडे जाऊन परत यायचं. काळ्या मातीच्या भेगा, बाभळीचे काटे, नाल्यातली निसरडी दगडं, सगळं त्याच्या तळपायांना तोंडपाठ झालं. पळताना तो वाऱ्यावर उडणाऱ्या रुईच्या म्हातारीसारखा दिसे, जमिनीला जेमतेम टेकणारा. त्याला पाहून केशरबाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. पोरगा देखणा पळतो म्हणून, आणि कशापायी पळतो म्हणूनही.

बासष्टच्या थंडीत उत्तरेला लढाई झाली. पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याला फौजेची भरती निघाली आणि देवमन पळण्याच्या चाचणीत पहिला आला. केशरबाईने त्याला वेशीपर्यंत पोचवलं. डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "भाकर खायले घरी येजो. सालाले येऊ नको."

"अन् बुधा?" बुधा त्याचा धाकटा भाऊ. त्या दिवशी सकाळपासून तोच दोन्ही काठांवर उभा होता.

"तू नोकरीले लागला की त्याचंही साल तोडू. तवरक काढन तो. तू फक्त वापस येऊ नको."

देवमनने मान हलवली. त्या उन्हाळ्यात त्याला एवढीच एक गोष्ट करायची होती.

अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका उघड्या माळावर तंबू पडले होते. लढाईने शिकवणारी माणसं थोडी उरली होती, म्हणून तिथे नवी रीत काढली होती. लष्कर आणि हवाई दल, दोघांच्याही भरतीची पोरं एकाच जागी तयार करायची. धावणं, कवायत, बंदूक लष्कराने शिकवायची. टेलिफोनच्या तारा, विमानतळाचा पहारा, आग विझवणं हवाई दलाने. सकाळ लष्कराची, दुपार हवाई दलाची. उन्हाळा सरता सरता पोरं वाटून घ्यायची; जो कोणालाच नको, तो घरी. मैदानाच्या मधोमध चुन्याची रेघ मारलेली होती. बाराची घंटा झाली की पोरांनी रेघेच्या या बाजूने त्या बाजूला जायचं. मध्ये एक तास जेवणाचा होता. तो तास कोणाचाच नव्हता.

लष्कराचा शिकवणारा हवालदार जानराव नांदगाव खंडेश्वरचा. रुंद छातीचा, घोगऱ्या आवाजाचा, शिव्या देताना हसणारा. पोरं त्याला फौजेच्या रीतीने उस्ताद म्हणत. हवाई दलाचा सार्जंट निमकर पुण्याचा. तो शिवी देत नसे. "आपण गाढव आहात की आपल्याला तसं दिसायचं आहे?" असं हळू आवाजात विचारी, आणि उत्तराची वाट पाही. पोरांना जानरावच्या शिव्या बऱ्या वाटत.

पहिल्याच दिवशी देवमन माळाच्या टोकाच्या बाभळीला वळसा घालून सगळ्यांच्या कितीतरी आधी परत आला.

"काहून बे, मांगं कुत्रं लागलं होतं का?" जानराव म्हणाला.

"नाई उस्ताद. सवय हाये."

"कशाची?"

"नाल्याची."

पोरं हसली. जानरावही हसला. त्या आठवड्यात त्याने देवमनला दोनदा आपल्या पेल्यातला चहा दिला आणि तिसऱ्यांदा देताना विचारलं, "कोठं जाशीन तू? आमच्याकडे का त्या पतंगवाल्यायकडे?"

"तुमच्याचकडे येतो, उस्ताद."

निमकरने विचारलं ते तारांची भेंडोळी गुंडाळताना. "तुम्ही चपळ आहात. चिखलात लोळण्यात आयुष्य घालवू नका. आमच्याकडे या. काय विचार आहे?"

"तुमच्याचकडे येतो, साहेब."

देवमनला यात खोटं काही वाटलं नाही. धनी विचारतो ते उत्तरासाठी नसतं. दारात कोणी आलं की 'या' म्हणतात, तसं ते होतं. शेवटी जो नेईल त्याच्यामागे जायचं. तोवर दोघांचाही मान राखायचा.

दोन्ही शिकवणारे चहाला एकाच तंबूत बसत. एका सकाळी जानराव बशीत चहा ओतताना म्हणाला, "बाकी सारे वाटून घेऊ, साहेब. तेल्हाऱ्याचा तो पोट्टा मात्र आमचा."

"कोण, देवमन? त्याने मला शब्द दिलाय."

"तुमाले? मले देल्ला त्यानं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघेही हसले, कारण हसणं सोपं होतं. त्यांना अजून अख्खा उन्हाळा एका मैदानावर काढायचा होता आणि भांडण वर कॅप्टनसाहेबाकडे गेलं तर दोघांच्याही अंगावर आलं असतं. चहा संपेपर्यंत त्यांचं पक्कं झालं की आपसात वाकडं काही नाही. दोघांना फसवलं ते एका पोराने.

"गरीब गाय दिसते वरून," जानराव म्हणाला.

"गरीब गायच लाथ मारते," निमकर म्हणाला, आणि पेला उपडा ठेवून निघून गेला.

शिक्षा तर द्यायची, हे दोघांनी एकमेकांना न सांगता आपापल्या मनात ठरवलं. पण आपल्या वाट्याच्या वेळातून द्यायला दोघेही तयार नव्हते. जानरावची सकाळ कवायतीला पुरत नव्हती, निमकरची दुपार तारांना. जानरावने देवमनला बाराच्या घंटेनंतर रेघेवर बोलावलं. "मधल्या तासात बाभळीपर्यंत पळायचं. मी थांब म्हणीन तवरक. बूट काढ. बूट सरकारचे हायेत, तुझ्या लबाडीपायी झिजवायले नाही देल्ले." मग पोराच्या पोटाची त्याला आठवण झाली. "अर्धा तासच. उरलेल्या अर्ध्यात जेवून घे. मी काही कसाई नाही."

निमकरने त्याला साडेबाराला टिनाच्या छपरासमोर उभं केलं. टिनावरून ऊन उलटून अंगावर येई. दोन्ही हातात वाळूच्या बादल्या, कोपर ताठ. "माझा वर्ग सुरू होईपर्यंत. शब्द म्हणजे वजन असतं, ते पेलता आलं पाहिजे. तासाच्या सुरुवातीला तुम्ही जेवून घेत जा. उपाशी माणसाला मी शिक्षा करत नाही."

तासाचा पहिला अर्धा भाग जानरावचा झाला, दुसरा निमकरचा. पहिल्या अर्ध्यात जानराव बाभळीच्या सावलीला बसे आणि निमकर शिकवणाऱ्यांच्या तंबूत जेवायला जाई. दुसऱ्या अर्ध्यात जानराव जेवायला जाई आणि निमकर छपराखाली खुर्ची टाके. जेवणाच्या तंबूच्या दारात ते एकमेकांना भेटत, हवापाण्याचं बोलत. माळावर वैशाख पेटलेला असे. पोरांच्या लंगरातली डाळ थंड होई, भाकऱ्यांची चवड खाली खाली जाई, आणि देवमनचं ताट पालथंच राही.

शेजारच्या खाटेवर अकोल्याचा सूर्यभान होता, कापसाच्या जिनिंगमधल्या मजुराचा पोरगा, जिभेने खट्याळ. तो सदऱ्यात भाकर लपवून आणी आणि संध्याकाळी देवमनच्या हातात कोंबी.

"हे घे, सरकारी चोरी. खाऊन पुरावा मिटव." मग देवमन सुकी भाकर गिळत असताना म्हणे, "सांगत काहून नाही बे त्यायले? जानरावले वाटते तू नंतर जेवतं. निमकरले वाटते तू आधी जेवला. दोघंही मले इचारत होते, देवमन जेवते न बरोबर."

"तू काय म्हणला?"

"म्हटलं, हवा खाते. जानराव हसला. निमकरनं मलेच एक चक्कर मारायले लावली."

"तू बोलू नको मधात."

"अबे पण दोन शब्द सांगाचे हायेत."

"जानरावले सांगतलं तं निमकरची चुगली होते. निमकरले सांगतलं तं याची. त्यायचं आपसात पटते. आपण कायले इस्कटायचं? थोडेच दिवस राहिले. वाटणी झाली की एक धनी राहीन."

"फौजेत धनी नसते, येड्या. साहेब असते."

"बरं, साहेब," देवमन म्हणाला, आणि पाठ फिरवून झोपला. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की इतकी वर्षं नाल्याच्या दोन काठांमध्ये तो याच शहाणपणावर जगला होता, आणि त्याचा बापही.

बूट नसलेल्या पायाला माळ नवा नव्हता. पण तेल्हाऱ्याला तो पोटात काहीतरी टाकून पळे, आणि काटा रुतला तर बसून काढायला धुरा असे. इथे बसायचं नव्हतं. एका दुपारी बाभळीचा काटा टाचेत शिरून आतच मोडला. देवमन तसाच पळाला. मग तसाच बूट चढवून टिनासमोर उभा राहिला, बादल्या धरून, एका पायावर भार टाकून.

"दोन्ही पाय जमिनीला," निमकर म्हणाला. "सरकारने दोन्ही घेतले आहेत."

काळी माती आत गेली. टाच आधी तांबडी झाली, मग निळसर, मग तळव्यापर्यंत फुगली, पावसात भिजलेल्या कापसाच्या बोंडासारखी जड. सकाळच्या धावण्यात देवमन मागे पडू लागला. जानरावने ते पाहिलं आणि त्याच्या मनात एकच आलं: पोरगा मुद्दाम हळू पळून राहिला, म्हणजे आमच्याकडे नापास व्हावा आणि त्यांच्याकडे जावा. दुपारी तारा ओढताना देवमनच्या हातून भेंडोळं पडलं. निमकरच्या मनातही तेच आलं, उलट दिशेने.

एका सकाळी देवमनने पहिल्यांदा तोंड उघडलं. तेही अर्धंच. "उस्ताद, पाय दुखून राहिला."

"हवाईवाल्यायच्या तासाले नाही दुखत का तो?"

देवमन गप्प राहिला. तिकडेही दुखतो म्हटलं असतं तर तिकडे काय चालतं ते सांगावं लागलं असतं.

दुपारी निमकर म्हणाला, "सकाळी धावलात ना? मग आता कसा दुखतो?"

जखमपट्टी करणारा एक शिपाई कँपात होता. त्याच्याकडे जायला ज्याच्या वेळात दुखापत झाली त्याची सही लागे. काटा मोडला होता मधल्या तासात. जानरावने सांगितलं, दुपारचं दुखणं दुपारवाल्याकडे ने. निमकरने सांगितलं, धावण्यातली इजा आहे, धावणं लष्कराकडे. दोघेही रीतीप्रमाणे बोलत होते. देवमन रेघ ओलांडून तिकडे गेला, रेघ ओलांडून इकडे आला, आणि मग जाणं सोडून दिलं. संध्याकाळी सूर्यभानने त्याच्या पायाला हळद लावली. हळद लावताना तो पहिल्यांदाच काही गमतीचं बोलला नाही. पायाला वास येत होता.

वाटणीचा दिवस जवळ आला होता, तेव्हाच एका दुपारी देवमन पडला. बाभळीकडून परतताना, बरोबर चुन्याच्या रेघेवर. डोकं निमकरच्या बाजूला, पाय जानरावच्या. पोटरीपर्यंत काळ्या-निळ्या रेषा चढल्या होत्या आणि अंग तव्यासारखं भाजत होतं. तासाचा अर्धा नुकताच सरला होता. जानराव जेवायला निघाला होता, निमकर खुर्चीकडे येत होता. दोघेही त्याच्यापाशी थांबले.

"तुमच्या धावण्यात पडला," निमकर म्हणाला.

"माझी वेळ संपली होती. तुमच्याचकडे येऊन राहिला होता."

"माझ्याकडे? कशाला?"

"मले काय माहीत."

तेव्हा त्या दोघांना पहिल्यांदा कळलं की मधल्या तासाच्या दुसऱ्याच्या अर्ध्यातही काहीतरी होतं. जानरावने टिनासमोरच्या वाळूच्या बादल्यांकडे पाहिलं. निमकरने देवमनच्या बुटांकडे पाहिलं, रेघेपाशी जोडीने नीट ठेवलेल्या. कँपात गाडी एक लष्कराची होती, एक हवाई दलाची. जो गाडी काढील त्याचा तो पोरगा होणार होता, त्याच्या पायासकट. जानराव म्हणाला, डाक्तरले निरोप पाठवतो. निमकर म्हणाला, मीही कळवतो. दोघे आपापल्या तंबूत गेले. देवमनला पोरांनी उचलून सावलीला ठेवलं. ऊन कललं, सावली सरकली, पोरांनी त्याला पुन्हा सरकवलं. निमकरचा वर्ग झाला. आग कशी विझवायची ते त्या दिवशी शिकवायचं होतं.

शेवटी सूर्यभानने कँपाला पाणी पुरवणारी बैलगाडी अडवली, पिंप खाली लोटलं आणि देवमनला गाडीत घातलं. गाडीवाला म्हणाला, "मले कोण इचारन तं काय सांगू?"

"सांगजो, पाणी घेऊन चाललो."

अमरावतीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरने पाय पाहिला आणि म्हणाला, कालपरवा आणला असता तर नुसती टाच गेली असती. सकाळी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

केशरबाई आली ती तिसऱ्या दिवशी. तेल्हाऱ्याहून अकोला, अकोल्याहून बडनेरा, तिथून पायी. खाटेच्या कडेला बसून तिने चादरीवरून हात फिरवला, उजवीकडून डावीकडे, पोर तान्हं असताना न्हाऊ घालून अंग पुसायची तसा. हात गुडघ्याखाली आला आणि रिकाम्या चादरीवर टेकला. ती रडली नाही. हात तिथेच ठेवून म्हणाली, "आता?"

"साहेब चौकशीले येणार हाये," सूर्यभान म्हणाला. त्याला वाटणीत लष्कराने घेतलं होतं आणि बायकांसमोर आता तो टोपी काढून उभा राहत होता. "मावशी, कामावर इजा झाली असं ठरलं, तं बसून करायचं काम देतेत. कोठीवर, नाही तं टेलिफोनवर. पण कोणापायी झाली हे यानं सांगाले पायजे. न सांगतलं तं आपल्या चुकीनं पडला म्हणतीन, अन् घरी धाडतीन."

"सांग मंग," केशरबाई देवमनला म्हणाली.

"माय, बाबा म्हणत होता..."

"तुझ्या बाबाले दोन पाय होते."

देवमनने चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"मी सांगून राहिली तुले," केशरबाई म्हणाली. "आजवर इकडचं तिकडं नाही नेलं न आपण? काय भेटलं? माझा माणूस उपाशी वखर धरता धरता गेला. आज ने. दोघायचंही ने. मले घरी नाही न्यायचं तुले. त्या नाल्यावर नको."

कॅप्टनसाहेब दुपारी आला. चांगला माणूस होता. केशरबाईला खुर्ची द्यायला लावली, पोराच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. त्याच्या मागे जानराव आणि निमकर उभे होते, दोघेही इस्त्रीच्या कपड्यांत, खाटेच्या दोन बाजूंना.

"घाबरू नकोस," कॅप्टन म्हणाला. "जे घडलं ते सांग. कोणाचंही नाव घे."

देवमनने डोळे मिटले. मग जन्मात पहिल्यांदा त्याने एका धुऱ्यावरची गोष्ट दुसऱ्या धुऱ्यासमोर उघडी केली. सावकाश, अडखळत, पण सगळी. दोघांना दिलेला होकार. बाभूळ. टिन. काढून ठेवलेले बूट, वाळूच्या बादल्या, पालथं ताट. दोघांकडे सांगायला गेलो आणि दोघांनी कसं एकमेकांकडे धाडलं तेही. बोलून झालं तेव्हा तो घामाने निथळत होता, मैदानावर निथळायचा तसा. केशरबाईने पदराने त्याचं कपाळ पुसलं. तिला वाटलं, पोरगा पोचला.

कॅप्टनने जानरावला विचारलं, "अर्धा तास धावायची शिक्षा दिलीत?"

"हो साहेब. कायद्यात बसते. उरलेला अर्धा तास जेवणासाठी सोडला होता."

"आणि तुम्ही?"

"अर्धा तास उभं राहणं, सर. जेवण आधीच झालेलं असेल अशी व्यवस्था ठेवली होती. अर्ध्या तासाची मला मुभा आहे."

"दुसऱ्याची शिक्षा चालू आहे हे तुम्हा दोघांपैकी कोणाला माहीत होतं?"

"नाही."

"नाही, सर."

कॅप्टनने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कडुनिंबाखाली पेशंटांचे नातेवाईक भाकरीची फडकी सोडून बसले होते. मग तो देवमनकडे वळला, आणि त्याचा आवाज खरोखर मऊ होता. "हे बघ, बाळ. हवालदाराची शिक्षा नियमात बसते. सार्जंटची शिक्षाही नियमात बसते. दोघांनी तुला जेवायला वेळ दिला होता. दोन्ही शिक्षा एकाच माणसाला चालल्या आहेत, हे सगळ्या कँपात एकाच माणसाला माहीत होतं. तुला. तू एक शब्द बोलला असतास तर दुसऱ्याच क्षणी थांबलं असतं. मग इजा कोणापायी झाली असं मी लिहू?"

"अन् पाय दुखते म्हणला तवा?" केशरबाईने विचारलं. "गाडी नाही काढली तवा?"

"दुखापत मधल्या तासातली, बाई. तो तास कोणाकडेच दिलेला नाही. ही त्रुटी आहे, मी वर कळवणार आहे. पुढच्या तुकडीपासून तो तास अर्धा अर्धा वाटून देऊ."

जानरावने सुटकेचा श्वास सोडला आणि तो ऐकू गेला म्हणून खोकला काढला. निमकर म्हणाला, "ही सूचना चांगली आहे, सर." खाटेवरून त्या दोघांची नजर मिळाली, आणि ती स्नेहाची होती. उन्हाळाभर एका मैदानावर काढून दोघांचं पटलं होतं.

देवमनने तोंड भिंतीकडे केलं. बोलला नाही तेव्हा पाय गेला होता. बोलला तेव्हा ज्याची आशा होती ते गेलं. आता त्याला कोणी काही विचारलं असतं तरी गप्प राहायचं की बोलायचं, यातलं एकही त्याला सापडलं नसतं.

कॅप्टन उठला. टोपी घातली, मग काढून हातात घेतली. त्याच्याने निघवेना. त्या माणसाला मनापासून काहीतरी द्यायचं होतं, आणि त्याच्या हातात जे होतं तेच त्याने दिलं. "बाई, घरी आणखी मुलगा आहे का?"

"हाये. बुधा. याच्याहून धाकटा."

"पळतो का?"

केशरबाईच्या डोळ्यांसमोर बुधा आला. आत्ता ऊन डोक्यावर होतं. म्हणजे तो नाला उतरत असेल, या काठाकडून त्या काठाकडे. "पळते," ती म्हणाली.

"पुढची तुकडी लवकरच घेतोय. त्याला पाठवा. मी स्वतः नाव लावीन."

"साहेब, त्याले एकाच्याच हाताखाली देजा."

"ते माझ्या हातात नाही. ही रीत वरून आली आहे. सकाळ यांची, दुपार त्यांची."

केशरबाईने खाटेकडे पाहिलं. देवमनची पाठ चादरीखाली हलत होती, श्वास होता की हुंदका ते कळत नव्हतं. तिने त्या पाठीवर हात ठेवला. मग जानरावकडे पाहिलं, निमकरकडे पाहिलं, दोघांचेही चेहरे नीट, सावकाश, ओळख पटावी इतका वेळ. नाल्यावर भाकर नव्हती. इथे निदान लंगर होता.

"कोणत्या महिन्यात घेऊन येऊ त्याले?" तिने विचारलं.